पहिल्यांदा व्यासपीठावर: खान्देशातील शालेय वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची तयारी

खान्देशातील शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम साधारणपणे १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती या दुहेरी निमित्ताने सुरू होतो आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत चालू राहतो. मधल्या काळात ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या शिरीषकुमारांचा स्मृतिदिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती आणि १२ जानेवारीला जिजाऊ व विवेकानंद यांची जयंती येते. अनेक आंतरशालेय स्पर्धा याच दिवसांच्या आगेमागे ठेवल्या जातात. ज्या शाळेने आजवर बाहेरच्या स्पर्धेत विद्यार्थी पाठवलेला नाही, किंवा ज्या घरात पहिल्यांदाच कोणी व्यासपीठावर उभे राहणार आहे, त्यांच्यासाठी पुढील सूचना लिहिल्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: भाषण मुलाचे स्वतःचे असावे. मोठ्यांनी लिहून दिलेले आणि घोकून घेतलेले भाषण कधीकधी बक्षीस मिळवते, हे मान्य. परंतु परीक्षकांनी साधा एक प्रश्न विचारताच किंवा मधले एक वाक्य विसरताच ते कोसळते आणि त्याबरोबर मुलाचा धीरही खचतो.

स्पर्धेचा प्रकार आणि परिपत्रक

स्पर्धा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. नेहमीच्या वक्तृत्व स्पर्धेत काही विषय आधी जाहीर होतात आणि त्यांतील एक निवडून चार, पाच किंवा सात मिनिटे बोलायचे असते. उत्स्फूर्त वक्तृत्वात विषयाची चिठ्ठी आयत्या वेळी उचलावी लागते आणि विचार करण्यासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. वादविवाद स्पर्धेत बहुधा प्रत्येक शाळेचा दोघांचा संघ असतो. एक जण विषयाच्या अनुकूल बाजूने व दुसरा प्रतिकूल बाजूने बोलतो, दोघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक ढाल किंवा फिरता करंडक ठरतो आणि वैयक्तिक बक्षिसे वेगळी दिली जातात. शाळेत ‘बोलका’ म्हणून ओळखला जाणारा मुलगा वक्तृत्वाला आणि दुसऱ्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून वहीत टिपून घेणारी मुलगी वादविवादाला, अशी निवड केली तर शिक्षक सहसा चुकत नाहीत.

परिपत्रक आले की ते सूचनाफलकावर लावून मोकळे होण्याची सवय अनेक शाळांना असते. तसे न करता, संबंधित शिक्षकांनी ते विद्यार्थ्यासमवेत एकदा ओळ न् ओळ वाचावे. वयोगट इयत्तेनुसार आहे की वयानुसार, एका शाळेतून किती स्पर्धक पाठवता येतात, हातात टिपणाची चिठ्ठी चालते का, इशाऱ्याची घंटा कितव्या मिनिटाला होते, वेळ संपल्यावर गुण वजा होतात की भाषणच थांबवले जाते, बोनाफाईड दाखला हवा की मुख्याध्यापकांचे पत्र पुरते, या गोष्टी प्रत्येक आयोजक आपल्या मताने ठरवतो आणि मागच्या स्पर्धेचा नियम या स्पर्धेत चालेल असे गृहीत धरता येत नाही. परिपत्रकात गुणांची विभागणी दिली असेल तर ती वहीत उतरवून घ्यावी. आशय, भाषा, उच्चार, सादरीकरण आणि वेळेचे भान या निकषांपैकी आशयाला सर्वाधिक गुण असतील, तर हातवारे बसवण्यात आठवडा घालवण्याचे काही कारण नाही.

अंतराचा विचारही येथेच करावा. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव आणि जळगाव ही गावे सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहेत. अक्राणी, अक्कलकुवा, साक्री, चोपडा किंवा यावल येथील विद्यार्थ्यांना मात्र एसटीवर अवलंबून राहावे लागते. नावनोंदणी सकाळी लवकर बंद होणार असेल तर आयोजकांना आधीच दूरध्वनी करून आपल्या स्पर्धकाचा क्रम उत्तरार्धात ठेवण्याची विनंती करावी. दूरच्या शाळेची अशी विनंती बहुतेक आयोजक मान्य करतात, परंतु ती स्पर्धेच्या दिवशी केली तर इतर स्पर्धकांवर अन्याय होतो म्हणून नाकारली जाते.

विषय अरुंद करणे

जाहीर झालेल्या विषयांपैकी सर्वांत सोपा वाटणारा विषय सर्वाधिक स्पर्धक निवडतात, आणि परीक्षकांना एकामागून एक तीच माहिती ऐकावी लागते. यूट्यूबवरील एखादे तयार भाषण तीन शाळांच्या तीन मुलांनी त्याच क्रमाने, त्याच विनोदासह म्हटल्याचे प्रसंग आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. म्हणून विषय कोणताही घेतला तरी त्यातील एकच बाजू हाती घ्यावी. ‘साने गुरुजी’ हा आपल्याकडे हमखास येणारा विषय उदाहरणादाखल पाहू. बहुतेक भाषणे २४ डिसेंबर १८९९ या जन्मतारखेपासून निघतात, आईच्या संस्कारांवरून जातात आणि ११ जून १९५० रोजी थांबतात. चार मिनिटांत पन्नास वर्षे उरकताना एकही प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहत नाही. याउलट एखाद्या विद्यार्थिनीने अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील १९२४ ते १९३० ही शिक्षकी वर्षेच घ्यावीत, किंवा पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये गुरुजींनी केलेले उपोषण घ्यावे, आणि मुलांवर माया करणारा शिक्षक त्या टोकाच्या निर्णयापर्यंत कसा पोहोचला या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करावा. ऐकणाऱ्याला तिचे भाषण नंतरही आठवते.

माहिती कोठून मिळवावी, हा प्रश्न ग्रामीण शाळांना खरोखर अडतो. शाळेचे ग्रंथालय, तालुक्याचे सार्वजनिक वाचनालय, विश्वकोशाचे खंड आणि गावातील जाणती माणसे हा क्रम चांगला आहे. मोबाईलवर सापडलेली तारीख किंवा आकडा किमान दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय भाषणात घेऊ नये. विषय शेती, पाणी किंवा स्थलांतर यांविषयी असेल तर घरातच विचारावे. ऊसतोडीला जाऊन आलेल्या कुटुंबातील मुलाला स्थलांतराविषयी जे ठाऊक असते, ते पुस्तकातून मिळवायला शहरी स्पर्धकाला फार वेळ लागतो. अडचण इतकीच की त्या मुलाला ते सांगण्याजोगे वाटत नाही आणि शिक्षकही विचारत नाहीत.

लिहिणे आणि कापणे

स्पष्ट आणि सावकाश बोलणारा विद्यार्थी मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा मराठी शब्द बोलतो. पाच मिनिटांच्या भाषणासाठी पाचशे शब्दांच्या आत राहावे, आणि प्रत्येकाचा वेग निराळा असल्याने पहिला खर्डा मोठ्याने वाचून घड्याळाने मोजावा. त्या पाचशेंतील किती शब्द शिष्टाचारात जातात हे मोजणेही उद्बोधक ठरते. ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी आज तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यात पाऊण भाग वेळेचा अपव्यय आहे, कारण श्रोते शांत बसलेलेच असतात. ‘अध्यक्ष महोदय, परीक्षक आणि मित्रहो’ एवढे संबोधन पुरेसे असून पुढचे वाक्य थेट विषयाचे असावे. शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणण्याऐवजी मुद्दा संपला की थांबावे. ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ म्हणायचे असल्यास त्याला कोणाची हरकत नसते.

खर्डा विद्यार्थ्याने स्वतः लिहावा. पहिल्या वेळी तो विस्कळीत आणि चुकांनी भरलेला असेल, तरी शिक्षकांनी लाल पेन बाजूला ठेवून आधी एवढेच विचारावे की यातील कोणते वाक्य तुला खरेच सांगायचे आहे. उदाहरणार्थ, ‘शेतकऱ्याचे प्रश्न’ या विषयावर रावेर तालुक्यातील एका मुलाने पुढील सुरुवात केली असे समजू: ‘सातपुड्याच्या कुशीत वसलेला, सुजलाम सुफलाम अशा भारतमातेचा पोशिंदा बळीराजा आज अश्रू ढाळत आहे.’ हे वाक्य कोणत्याही जिल्ह्यातील कोणत्याही मुलाला म्हणता येईल. त्याच मुलाला मे महिन्यातील वादळाविषयी विचारले की तो सांगतो: ‘घड लागलेली केळी संध्याकाळी उभी होती. रात्री वारा सुटला. सकाळी वडील बागेत गेले तेव्हा खोडे मधूनच मोडून आडवी पडली होती. व्यापाऱ्याने आदल्या दिवशीच भाव सांगितला होता.’ ही चार छोटी वाक्ये भाषणाची सुरुवात होतात. त्यानंतर पीक विमा, हमीभाव किंवा कर्ज यांपैकी एकच धागा घेऊन पुढे जाता येते.

शेरोशायरीविषयी माझे मत कठोर आहे. दर मिनिटाला एक चारोळी टाकून टाळ्या घेण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे मुलाचे लक्ष विचारावरून टाळीवर जाते. संपूर्ण भाषणात एखादी कविता पुरे, आणि तीही कवीचे नाव खात्रीने माहीत असेल तरच घ्यावी.

वाक्यरचना साधी कशी ठेवावी याचा धडा आपल्या जिल्ह्यांतच मिळतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ऐकणाऱ्यांत सर्व प्रकारचे लोक होते, त्यामुळे कठीण विचारही रोजच्या दृष्टांतांतून आणि आखूड वाक्यांतून मांडलेला आढळतो. त्यातील एखादे पान वर्गात मोठ्याने वाचून घेतले, तर बोलण्यासाठी लिहिलेली भाषा आणि निबंधाची भाषा यांतील फरक नियम न सांगता मुलांच्या कानाला कळतो.

उच्चार, आणि बोलीचा प्रश्न

अहिराणी किंवा लेवा गणबोली घरात असलेल्या मुलांच्या प्रमाण मराठीत प्रामुख्याने दोन गोष्टी परीक्षकांच्या कानाला लागतात: ‘ळ’चा ‘य’ होणे आणि ‘ण’चा ‘न’ होणे. ही बोलीची रीत आहे आणि घरी, शेतात, बाजारात ती तशीच राहिली पाहिजे. स्पर्धेचे माध्यम प्रमाण मराठी असल्यास तेवढ्यापुरता सराव करावा. ‘जळगावच्या केळीच्या मळ्यात पाण्याची पाळी कोणाची?’ असे एखादे वाक्य रोज सावकाश म्हणून घेतले तर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांना लिंग आणि क्रियापदाचे रूप जुळवताना अधिक अडखळावे लागते, कारण त्यांच्यासाठी मराठी ही शाळेत आल्यावर शिकलेली भाषा असते. अशा मुलाचे भाषण आखूड वाक्यांचे ठेवावे आणि चूक झाल्यास मध्येच टोकू नये, संपूर्ण बोलणे झाल्यावर सांगावे. वर्गासमोर उच्चाराची नक्कल करून हसण्याचा प्रकार घडला, तर तो मुलगा पुन्हा नाव देत नाही, आणि येथे शिक्षकांची जबाबदारी मोठी आहे.

भाषणात कोणाचे प्रत्यक्ष बोललेले शब्द येत असतील तेथे बोली जशीच्या तशी ठेवावी. आजीचे म्हणणे अहिराणीतून आणि त्यावरचे विवेचन प्रमाण मराठीतून, अशी मांडणी परीक्षकांना खटकत नाही. किंबहुना भाषण त्या मुलाचेच असल्याची ती खूण ठरते.

सराव

भाषण शब्दशः पाठ करू नये. सुरुवातीची दोन वाक्ये, शेवटची दोन वाक्ये आणि मधल्या मुद्द्यांचा क्रम एवढेच पक्के करावे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द लिहून त्यांच्या आधारे रोज एकदा बोलावे, आणि प्रत्येक वेळी वाक्ये थोडी बदलली तरी चालू द्यावे. एखादे वाक्य विसरल्यास मुद्दा आठवत असल्यामुळे विद्यार्थी पुढे जाऊ शकतो. पाठ केलेल्या भाषणात मात्र तो पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतो, हे दृश्य प्रत्येक स्पर्धेत एकदा तरी दिसते. आरशासमोरच्या सरावापेक्षा लहान भावंडे, शेजारी किंवा सहावीचा वर्ग यांच्यासमोरचा सराव उपयोगी असतो, कारण आरसा कंटाळत नाही. शाळेत ध्वनिक्षेपक असेल तर प्रार्थनेच्या वेळी दोन-तीनदा त्यावर बोलू द्यावे. माईक ओठांपासून साधारण वीतभर ठेवणे आणि स्वतःचाच मोठा झालेला आवाज ऐकून न दचकणे, या दोन्ही गोष्टी सवयीच्या आहेत. ‘आकाश’ म्हणताना वर बोट आणि ‘हृदय’ म्हणताना छातीवर हात, असे बसवलेले हातवारे काढून टाकावेत.

वादविवाद: ऐकण्याची कला

वादविवादात पहिल्यांदा उतरणारे बहुतेक संघ दोन वक्तृत्वाची भाषणे घेऊन येतात आणि समोरच्याने काय म्हटले याच्याशी त्यांचा संबंध नसतो. अशा संघाला आशयाचे गुण मिळतात, खंडनाचे मिळत नाहीत, आणि निकाल बहुधा खंडनावर ठरतो.

‘प्राथमिक शिक्षण मुलाच्या बोलीतून दिले जावे’ हा विषय घेऊन तयारीचा क्रम पाहू. आधी विषयाची हद्द ठरवावी: प्राथमिक म्हणजे पहिली-दुसरी की पाचवीपर्यंत, आणि ‘बोलीतून’ म्हणजे पाठ्यपुस्तकही बोलीत की केवळ शिक्षकांचे समजावणे बोलीत. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी ही हद्द पहिल्याच मिनिटात सांगावी, नाहीतर दोघे दोन वेगळ्या विषयांवर भांडत राहतात. त्यानंतर वहीच्या एका पानाचे उभे दोन भाग करून डावीकडे अनुकूल आणि उजवीकडे प्रतिकूल मुद्दे लिहावेत, आणि आपली बाजू कोणतीही असली तरी दोन्ही रकाने दोघांनीही भरावेत. अनुकूल बाजूला राज्यघटनेचे कलम ३५०-अ, शिक्षण हक्क कायदा २००९ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यांचा आधार मिळतो; शिवाय २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मराठीहून स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली आहे, हेही सांगता येते. प्रतिकूल बाजूला शिक्षकांच्या बदल्या, पाठ्यपुस्तकांचा अभाव, एकाच वर्गात अनेक बोलींची मुले असणे आणि पुढच्या शिक्षणासाठी मराठी-इंग्रजीची गरज, हे मुद्दे आहेत.

आता प्रत्यक्ष सभागृहात अनुकूल वक्ता म्हणतो: ‘शिक्षण हक्क कायद्याने मातृभाषेतून शिक्षण देण्यास सांगितले आहे.’ प्रतिकूल बाजूची विद्यार्थिनी हे वाक्य टिपून घेते आणि आपल्या पाळीला उत्तर देते: ‘माझ्या मित्राने कायद्याचा आधार घेतला, परंतु त्याच तरतुदीत व्यवहार्य असेल तेथवर अशी अट आहे, ती त्यांनी सांगितली नाही. आमचा प्रश्न त्या अटीचाच आहे. शहादा तालुक्यातील एका वर्गात भिली, गुजर आणि अहिराणी बोलणारी मुले शेजारी बसतात. तेथे शिक्षकांनी कोणती बोली निवडावी आणि उरलेल्या मुलांनी काय करावे?’ समोरच्याचे म्हणणे प्रामाणिकपणे सांगणे, त्यातील उणीव दाखवणे आणि ती उणीव आपल्या मुद्द्याला जोडणे, हे तिन्ही येथे चार वाक्यांत झाले आहे. अनुकूल बाजूचा पुढचा वक्ता कसलेला असेल तर तो अट नाकारत बसणार नाही. अट मान्य करून तो म्हणेल, की तीन बोली आहेत म्हणून तिन्ही वर्गाबाहेर ठेवाव्यात असा तिचा अर्थ होत नाही, आणि पहिलीच्या मुलाला निदान सूचना तरी कळाव्यात एवढे प्रत्येक वर्गात व्यवहार्य आहे.

असे उत्तर आयत्या वेळी सुचत नाही. ते रकाने भरताना तयार होते. म्हणून सरावात आठवड्यातून एकदा दोघांनी बाजू बदलून बोलावे. ज्याला समोरची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडता येते, त्याला तिचे दुबळे ठिकाण सापडते. खंडन मुद्द्याचे असावे, व्यक्तीचे नव्हे. ‘माझ्या विरोधकांना एवढेही ठाऊक नाही’ अशी वाक्ये श्रोत्यांना हसवतात आणि परीक्षकांच्या गुणपत्रिकेत नुकसान करतात. क्रम चिठ्ठीने ठरत असल्याने पहिला क्रमांक आला तर खंडनाला काहीच मिळत नाही. त्या परिस्थितीसाठी ‘विरोधी बाजू असे म्हणेल’ या धर्तीवर दोन अपेक्षित मुद्दे आणि त्यांची उत्तरे तयार ठेवावीत.

उत्स्फूर्त भाषण

चिठ्ठीवरचा विषय पाहताच सर्व काही आठवू पाहण्याऐवजी एक प्रसंग, त्यातून निघणारा एक प्रश्न आणि त्यावरचे आपले मत, एवढेच कागदावर मांडावे. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचणे आणि आठवड्यातून एकदा मित्रांकडून विषय घेऊन दोन मिनिटे बोलणे, याहून वेगळी तयारी या प्रकाराला नाही.

स्पर्धेच्या दिवशी

शाळेचा गणवेश, ओळखपत्र, मुख्याध्यापकांचे पत्र, पाण्याची बाटली आणि डबा एवढे सामान पुरते. भाषणापूर्वी तळलेले पदार्थ व थंड पेये टाळावीत. आपला क्रम येईपर्यंत बाहेर उभे राहून घोकण्यापेक्षा आत बसून इतरांची भाषणे ऐकावीत, कारण सभागृहाचा आवाज, माईकची उंची आणि घंटेचा सूर तेथेच समजतो. इशाऱ्याची घंटा झाली की हातातील मुद्दा पूर्ण करून समारोपाकडे वळावे. घाईने उरलेले सर्व मुद्दे उरकू नयेत. पालक सोबत आले असतील तर त्यांनी मागच्या रांगेत बसावे आणि ओठांनी शब्द पुरवू नयेत.

निकालानंतर परीक्षक मोकळे झाले की शिक्षकांनी विद्यार्थ्याला घेऊन त्यांच्याकडे जावे आणि कोठे कमी पडलो हे विनयाने विचारावे. गुणांवर वाद घालू नये. सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी त्याच दिवशी, परतीच्या एसटीतच, वहीत लिहून ठेवाव्यात. उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले असो वा केवळ सहभागाचे प्रशस्तिपत्र, त्यावरील नाव, इयत्ता आणि शाळेचे नाव हे तिन्ही तपशील सभागृह सोडण्यापूर्वी तपासून घ्यावेत, कारण शिक्के, सह्या आणि आयोजक एकत्र सापडण्याची वेळ तीच असते.